तेजूबरोबर नागपूरला

डिसेंबरात तेजूला घेऊन नागपूरला जाऊन आलो. तेजू म्हणजे तेजस्विनी, माझी धाकटी बहीण, वय २१. दिव्यांगांच्या पॅरा पॉवरलिफ्टिंगची राज्य पातळीवरची स्पर्धा होती आणि तिची ती पहिलीच. निघण्यापूर्वी आठवडाभर मी शोधत होतो की कुणीतरी मराठीत लिहून ठेवलं असेल, काय न्यायचं, कुठं राहायचं, वजन कसं घेतात. हाताला फारसं काही लागलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. कुणी आपल्या पोराला किंवा पोरीला घेऊन निघणार असेल तर त्याला उपयोग व्हावा.

आधी थोडं तेजूबद्दल. जन्मतःच तिच्या पाठीच्या मणक्यात दोष होता. महिन्याची व्हायच्या आत ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पायांत बळ आलं नाही. घरात ती हातांवर फिरते, बाहेर व्हीलचेअर. हातांवर फिरून फिरून खांदे असे भरले की चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी आईला सांगितलं, "वहिनी, पोरीला संध्याकाळी धाडा माझ्याकडं."

पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये एकच प्रकार असतो, बेंच प्रेस. उताणं झोपायचं, बार छातीवर घ्यायचा, वर ढकलायचा. पाय जमिनीला टेकवायचे नसतात. ते बेंचवरच सरळ ठेवून पट्ट्यानं बांधतात, त्यामुळं पायांचा जोर कुणालाच मिळत नाही. साध्या जिममधला बेंच यासाठी अरुंद पडतो. वस्तादांनी नियमातली मापं काढली, २१० सेंटिमीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद, डोक्याकडं निमुळता, आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून तसा बेंच करून घेतला. तालमीत लाल मातीच्या हौद्याशेजारी तो ठेवलाय. चार वर्षं तेजू त्यावर आहे.

पहिला दिवस: सांगली स्टेशन आणि दहाची नोट

महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी, सांगलीहून नागपूरला न बदलता नेणारी. वेळ भरपूर खाते, पण चाकाची खुर्ची घेऊन मध्येच गाडी बदलण्यापेक्षा हे बरं.

फलाटावर गाडीची वाट बघत होतो. मी पाण्याची बाटली आणायला गेलो आणि परत आलो तर तेजूच्या मांडीवर दहाची नोट. एक वयस्कर गृहस्थ ठेवून पुढं चालले होते. तेजूनं त्यांना हाक मारली. "काका, हे तुमचं राहिलं. मी स्पर्धेला चाललेय." त्यांनी नोट घेतली, ओशाळले, मग कसली स्पर्धा म्हणून विचारलं. गाडी येईपर्यंत तेजू त्यांना बार, प्लेट, किलो समजावत होती. मला मात्र त्या नोटेचा राग डब्यात चढल्यावरही जाईना. शाळेतही हेच झालं होतं. चित्रकला असो, वक्तृत्व असो, तेजूला नेहमी "उत्तेजनार्थ". चित्र कसं झालंय ते कुणी कधी धड सांगितलंच नाही.

रात्री बर्थवर ती तिची वही काढून बसली. वहीत पहिल्या पानावर नावं आहेत. राजिंदर सिंग राहेलू, २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधलं कांस्य. सकिना खातून, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमधलं कांस्य, पुढं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पाचवी. परमजीत कुमार, २०२१ ला तिबिलिसीच्या जागतिक स्पर्धेत ४९ किलो गटात कांस्य, जागतिक स्पर्धेतलं भारताचं या खेळातलं पहिलं पदक. खाली आमच्या जिल्ह्याची दोन नावं, खेळ वेगळे असले तरी. पेठचे मुरलीकांत पेटकर, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलंच. आणि करगणीचे सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिसला गोळाफेकीत रौप्य. एक नाव मात्र चौकटीत आहे: सियामंद रहमान, इराण, रिओ २०१६, ३१० किलो. हा माणूस २०२० मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या त्या लिफ्टचा व्हिडिओ तेजूनं किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही.

तिकिटाबद्दल एक. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत मिळते आणि बरोबरच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठीची कागदपत्रं आधीच करून ठेवा, आणि प्रवासात सवलतीचं मूळ कार्ड जवळ हवं, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

दुसरा दिवस: पाच पायऱ्या

सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर कापूस. आमच्याकडं ऊस बघायची सवय, इथं मैलोन्‌मैल बोंडं. शेगावला कचोरी घेतली, तेजूनं अर्धीच खाल्ली. वजनाचा गट ५० किलोचा, ती घरून ४८ च्या आसपास निघालेली. म्हणजे धोका नव्हता, पण वस्तादांनी बजावलं होतं की वजनकाट्यापर्यंत जिभेला आवर घालायचा.

नागपूरला उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. थंडी! सांगलीला डिसेंबरात शाल लागते, इथं कान झाकायला लागले.

खोली धंतोलीत मिळाली होती, आणि तीही मोठ्या मुश्किलीनं. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, मोर्चेवाले असं निम्मं महाराष्ट्र तिथं उतरलेलं असतं. तेव्हा या महिन्यात जायचं असेल तर खोली महिनाभर आधी धरा. मी फोनवर "लिफ्ट आहे ना?" असं तीनदा विचारलं होतं. आहे म्हणाले. लिफ्ट होतीच, पण रस्त्यापासून पाच पायऱ्या चढून गेल्यावर. न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा तीन बोटं अरुंद. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. आता मी हे विचारतो: रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार टेप लावून किती इंच, आणि दोन्हीचे फोटो पाठवा.

त्या पायऱ्यांपाशी मी सामान खाली ठेवून विचार करत होतो, तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीवरची दोन पोरं आली. आमच्याकडंही माणसं मदतीला धावतात, पण धावतात आणि थेट खुर्ची उचलतात. चाकाला धरतात, पाय ठेवायच्या पट्टीला धरतात, ती निघून येते. यातला एक पोरगा तेजूसमोर उकिडवा बसला आणि तिला म्हणाला, "ताई, कुठून पकडू जी?" तिला. मला नाही. तिनं सांगितलं, मागचे दोन दांडे आणि पुढची चौकट. पाच पायऱ्या झाल्या. चारही दिवस तीच पोरं, तशीच. चहाचे पैसे घेतले, याचे घ्यायला तयार झाली नाहीत.

शेजारच्या खोलीत दर्यापूरच्या काकू आणि त्यांची वैष्णवी. तीही स्पर्धेलाच, आणि तीही ५० किलो गटात. वैष्णवीची उंची साडेतीन फूट असेल, बोलणं मात्र सात फुटी. काकूंनी स्टोव्हवर खिचडी लावलेली, मला म्हणाल्या, "भाऊ, खाली जाऊन जरासा सांबार आणा ना." मी डबा घेऊन इडलीवाला शोधत दोन गल्ल्या फिरलो. शेवटी एका भाजीवाल्या बाईनं कोथिंबिरीची जुडी हातात दिली. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रात्रभर वैष्णवीला त्याचं हसू येत होतं.

तिसरा दिवस: वर्गीकरण, मेट्रो, बोधिवृक्ष

सकाळी मानकापूरच्या बाजूला, जिथं स्पर्धा होती त्या हॉलवर गेलो. हे वर्गीकरण म्हणजे काय याची नव्या लोकांना भीती असते, म्हणून सांगतो. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तपासतात. अपंगत्व या खेळाच्या किमान निकषात बसतं का, ते कायमचं आहे का, कोपर पुरेसा सरळ होतो का. तेजूला टेबलावर झोपवून पायांची ताकद एकेका स्नायूची पाहिली, मग हात. कागदपत्रं वाचली, जुने ऑपरेशनचे रिपोर्ट मागितले. तेव्हा जुनी फाईल घरी ठेवून जाऊ नका. पॅरा ॲथलेटिक्समध्ये अपंगत्वाप्रमाणे पुष्कळ वर्ग पडतात, इथं तसं नाही. एकदा पात्र ठरलं की पाय नसलेला, पोलिओवाला, बुटका, मणक्याचा, सगळे एकत्र. वाटणी फक्त शरीराच्या वजनावर, पुरुषांचे १० गट, बायकांचे १०.

बाहेर ओळीत बसलेली माणसं बघण्यासारखी होती. नांदेडचा एक पेपर टाकणारा, तीनचाकी सायकलवर. धुळ्याच्या एक शिक्षिका, दोन्ही गुडघ्यांखाली कृत्रिम पाय, ते काढून बाकाखाली नीट जोडीनं ठेवलेले. भंडाऱ्याचा एक पोरगा, वीस वर्षांचा, दंड माझ्या मांडीएवढे. सगळ्यांच्या बोलण्यात एकच, तुझा बेंच कुठला, पट्टा कसला बांधतोस, प्लेटा खऱ्या वजनाच्या आहेत का. निम्म्या लोकांचा सराव साध्या जिममध्ये, दोन बेंच जोडून. तेजूनं वेल्डरच्या बेंचचा फोटो दाखवला तर पाचजणांनी मापं लिहून घेतली. माझं मत विचाराल तर या खेळात महाराष्ट्राची अडचण तिथंच आहे. ताकद गावोगाव पडून आहे, हातावर चालणाऱ्या प्रत्येक पोरात आहे, आणि एक रुंद बेंच मिळत नाही.

तिथंच परदेशात खेळून आलेला एकजण भेटला. तेजूनं त्याला विचारलं, तिकडं कसं असतं? तो म्हणाला, "बेंच हाच, बार हाच, पंचांचे तीन दिवे हेच. फक्त तिकडं वॉर्मअपच्या खोलीत कुणी बोलत नाही." त्यानं सांगितलं की आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पुन्हा वर्गीकरण होतं, जागतिक संघटनेचा परवाना लागतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेतून निवड झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. नायजेरियाच्या बायकांबद्दल तो भरभरून बोलला. पॅरिसला फोलाशादे ओलुवाफेमियायो हिनं ८६ किलोवरच्या गटात १६७ किलो उचलून जागतिक विक्रम केला, ती लिफ्ट त्यानं मोबाईलवर लावली. आठ डोकी त्या एका मोबाईलवर. बायकांना पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ खेळायला मिळाला तोच मुळी २००० च्या सिडनीपासून, हे मला त्यानंच सांगितलं.

दुपारी मोकळे होतो. मेट्रोनं फिरलो, आणि हे मी दोनदा लिहीन: नागपूरला खुर्चीवरच्या माणसाला घेऊन गेलात तर मेट्रोत बसवाच. स्टेशनला लिफ्ट, फलाट आणि डबा जवळपास एका पातळीला. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात, तिथं आम्ही केशरीवरून अॅक्वावर गेलो, पुन्हा आलो, काही काम नव्हतं. तेजू स्वतः आत गेली, स्वतः बाहेर आली. एकवीस वर्षांत तिला कुणी न उचलता झालेला हा पहिला गाडीचा प्रवास. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "दादा, अजून एकदा जाऊया?" आम्ही तीनदा गेलो.

झिरो माईल पाहिलं. इंग्रजांच्या काळातला दगडी खांब, शेजारी चार घोडे. तिथून रिक्षानं दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ चा फोटो आमच्या शाळेच्या पुस्तकात होता, पण तो पांढरा घुमट समोर आल्यावर मान आपोआप वर जाते. बोधिवृक्षाखाली थंड सावली होती. तेजू अर्धा तास तिथं डोळे मिटून बसली. लॉजवर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस? "काही नाही," म्हणाली, "श्वास मोजत होते."

चौथा दिवस: स्पर्धा

तेजूच्या गटाची वेळ दुपारी दोन. वजन दोन तास आधी सुरू होतं आणि दीड तास चालतं, म्हणजे बारा ते दीड. दीडला काटा बंद झाला की संपलं, मग तुम्ही कितीही उचला. आम्ही साडेअकराला रिक्षात बसलो. वैष्णवी आणि काकू आधीच पुढं गेल्या होत्या.

व्हरायटी चौकाच्या अलीकडं रिक्षा थांबली ती थांबलीच. यशवंत स्टेडियमवरून अंगणवाडीताईंचा मोर्चा निघाला होता. जिकडं बघावं तिकडं साड्या, हातात फलक, घोषणा. पावणेबारा. बारा. सव्वाबारा. रिक्षावाले भाऊ मागं वळवायला बघत होते तर मागंही गाड्या लागलेल्या. मी घामाघूम, आणि तेजू शांतपणे बाहेर बघत होती. "आपल्या वॉर्डातल्या ताई पण आल्या असतील का रे?"

मग भाऊच उतरले. मोर्चातल्या पहिल्या ओळीतल्या बाईंना काहीतरी सांगितलं, आमच्याकडं बोट केलं. त्या बाई रिक्षापाशी आल्या, खुर्ची पाहिली, तेजूला विचारलं, "किती उचलतेस वं बाई?" तेजू म्हणाली, पन्नास. त्यांनी मागं वळून हात वर केला आणि आरोळी दिली. बायका बाजूला होत गेल्या. मधून एक रिक्षा जाईल एवढी वाट झाली आणि आम्ही त्या वाटेनं निघालो. दोन्हीकडून बायका "जिंकून ये वं" म्हणत होत्या. आता लिहितानाही माझा घसा भरून येतोय.

(अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डी, मॉरिस कॉलेज चौक, विधानभवन या भागातून जायचं असेल तर तासभर हातात ठेवा, आणि जमलं तर मेट्रोनं हा तुकडा ओलांडून पुढं रिक्षा करा. हे मला कळायला उशीर झाला.)

एक वाजून दहा मिनिटांनी काट्यावर. ४७.९. काटा उतरल्याबरोबर तेजूनं शेंगदाण्याचा लाडू आणि दोन केळी खाल्ली.

थोडे नियम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येकीला तीन प्रयत्न. बार तयार झाल्याचं पुकारल्यावर दोन मिनिटांत सुरुवात. बार रॅकवरून काढून हात सरळ करून धरायचा, मुख्य पंच "स्टार्ट" म्हणतात. मग बार छातीवर आणायचा, तिथं तो पूर्ण थांबवायचा, सगळ्यांना दिसेल असा थांबवायचा, आणि दोन्ही हात सारखे वर न्यायचे. कोपर सरळ झाले की "रॅक". पायांवर चालणाऱ्यांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये छातीवर बार थांबला की पंच "प्रेस" असा इशारा देतात. इथं तसा इशारा नाही. थांबायचं आपलं आपण, निघायचं आपलं आपण. तीन पंच, तीन दिवे, पांढरा किंवा लाल. दोन पांढरे हवेत.

गटात सहाजणी. तेजूनं सुरुवात ५० ला लावली होती. बार आणि दोन्ही कॉलर (प्लेटा सरकू नयेत म्हणून लावायच्या कड्या) मिळून २५, बाकी दोन्हीकडं दहाची हिरवी आणि अडीचची एकेक. हे वजन ती तालमीत रोज उचलते. नाव पुकारलं, मी तिला बेंचवर ठेवलं, पट्टे आवळले, मागं सरलो. हात थंड होते तिचे. स्टार्ट. बार खाली आला आणि चेंडूसारखा वर गेला. एवढा हलका की मी टाळी वाजवली.

तीन लाल.

मला काही समजेना. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली, मागून एक बाई म्हणाली, "अरे, बिचारी, द्यायचा ना." तेजूनं मान वळवून त्या दिव्यांकडं पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. शेजारी वर्ध्याचे एक जुने प्रशिक्षक उभे होते, केस पिकलेले, गळ्यात मफलर. ते मला म्हणाले, "पंच बरोबर आहेत जी. पोरगी थांबलीच नाही छातीवर. घाईत होती."

वॉर्मअपच्या खोलीत मी तिला समजवायला लागलो, तर तिनं मला थांबवलं. रडत नव्हती. डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. "दादा, तिघांनी पण लाल दिला," ती म्हणाली. "एकानं पण सोडला नाही." मला वाटलं राग आलाय. मग म्हणाली, "म्हणजे बघत होते ना नीट." तिथं मला त्या सगळ्या उत्तेजनार्थ प्रमाणपत्रांची आठवण झाली. घरी एक ट्रंक भरून आहेत. माझ्या बहिणीला पहिल्यांदा कुणीतरी परक्या माणसानं, तिच्या खुर्चीकडं न बघता, चुकलं ते चुकलं म्हणून सांगितलं होतं. त्या तीन पंचांना मी ओळखत नाही, पण त्यांचे उपकार आहेत आमच्यावर.

दुसरा प्रयत्न, पुन्हा ५०. या वेळी बार छातीवर आला आणि थांबला. इतका वेळ थांबला की मीच श्वास रोखला. मग वर. तीन पांढरे.

आता खरी गोष्ट. पहिल्या दोघी फार पुढं होत्या, ६८ आणि ६०. तिसऱ्या जागी वैष्णवी, ५३. पुढचं वजन कळवायला एकच मिनिट असतं आणि ते मला द्यायचं होतं. मी ५४ लिहायला लागलो. तालमीत तेजूनं ५४ एकदाच उचललंय. मफलरवाले प्रशिक्षक माझ्या खांद्यावरून चिठ्ठीकडं बघत होते. "तुमच्या पोरीचं वजन किती आलं?" ४७.९ म्हटलं. "तिचं ४८.१ आहे. बरोबरी झाली तर हलकी वर. त्रेपन्न पुरे जी." त्यांचा आमचा काही संबंध नव्हता, त्यांची स्वतःची पोरगी त्याच गटात पाचवी होती. मी ५३ लिहिलं.

तेजू बेंचवर. पट्टे. या वेळी मला म्हणाली, "दादा, जरा घट्ट." स्टार्ट. खाली. थांबली. वर जाताना मधल्या टप्प्यावर डावा हात जरा मागं राहिला, बार तिरका होईल असं वाटलं, पण झाला नाही. कोपर सरळ. रॅक. मी दिव्यांकडं बघू शकलो नाही, हॉलच्या आवाजावरून समजलं. दोन पांढरे, एक लाल.

त्यानंतर वैष्णवीचा तिसरा प्रयत्न, ५६. बार छातीवरून वीतभर उठला आणि राहिला. स्पॉटर पोरांनी धरला. तेजू तिसरी, वैष्णवी चौथी, दोनशे ग्रॅमनी.

मला काकूंकडं बघायचं धाडस होईना. त्याच आल्या. "माह्या पोरीनं वजनाच्या आंधी दोन केळं खाल्ली होती वो," म्हणाल्या, आणि तेजूच्या तोंडावरून हात फिरवला. वैष्णवी मागून ओरडली, "पुढच्या टायमाले मी उपाशी येतो!" (इकडच्या बोलीत मुलीही "येतो" म्हणतात, तेजूला ते फार आवडलं.)

संध्याकाळी सगळे मिळून सावजी खायला गेलो. सावजी म्हणजे मूळ इथल्या हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं खाणं. मटणाचा रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग, मसाल्याला खसखशीची आणि सुक्या खोबऱ्याची चव. आम्ही तांबड्या रश्श्याच्या मुलखातली माणसं, तिखटाची भीती नाही असं समजून बसलो होतो. हे तिखट वेगळं आहे, ते जिभेवर लागत नाही, उशिरा येतं आणि कानात जातं. तेजूनं तीन भाकरी खाल्ल्या. न खाणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा असतो, बेसनाच्या वड्यांचा, काकूंनी तो घेतला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र यातलं काही खाऊ नका, तर्रीपोहेसुद्धा नकोत.

पाचवा दिवस: तर्री, संत्री, परतीची गाडी

गाडी सकाळची असल्यानं वेळ थोडाच होता. धुक्यात टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, कच्चा कांदा, वर सांबार. मी मुद्दाम "जास्त सांबार घाला" म्हणालो. टपरीच्या पोरांनी तेजूचं पदक हातोहात फिरवून पाहिलं. "पुन्हा कधी येऊन राहिले ताई?" असं त्यातल्या एकानं विचारलं आणि शेवटचं एकदा खुर्चीला हात लावला.

कॉटन मार्केटजवळ संत्री घेतली. हिरवट दिसणारी घ्या, असं काकूंनी सांगितलं होतं, रंगावर जाऊ नका, सालीला हात लावून बघा, सैल लागली की गोड. एक पेटी घरी, एक तालमीला. संत्र्याची बर्फी आईला. काकूंनी वाटेसाठी सांबारवडी बांधून दिली, अकोल्यापर्यंतच संपली.

गाडीत तेजूनं वही काढली. माझ्या मनात होतं की ती ५३ आणि कांस्य असं लिहील. तिनं तारीख घातली आणि खाली ओळीनं लिहिलं: ५० लाल लाल लाल. ५० पांढरा पांढरा पांढरा. ५३ पांढरा लाल पांढरा. त्या मधल्या लालला तिनं गोल केला.

सहावा दिवस

सांगलीला उतरल्यावर घरी जायच्या आधी ती मला तालमीकडं घेऊन गेली. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पोरांची जोडी लावत होते. मी संत्र्यांची पेटी खाली ठेवली. त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, तेजूच्या गळ्यात परत घातलं आणि वही मागितली. पान वाचलं.

"पहिली का गेली?" त्यांनी विचारलं.

तेजूनं खुर्ची बेंचकडं वळवली आणि दाखवायला लागली.